खाशाबा, खर्डेकर सर आणि आमचे गहाण घर



गेल्या सप्टेंबरात आमच्या घरी जे महाभारत झाले, ते हाउन्सलोतल्या निम्म्या मराठी घरांत होत असणार. कन्या पाचव्या इयत्तेत गेली आणि आम्ही उभयतांनी किंग्स्टन, स्लाऊच्या ग्रामर स्कूलची स्वप्ने पाहायला सुरुवात केली. शनिवारी सकाळी गणित, बुधवारी इंग्रजी, रविवारी सराव परीक्षा! एवढे सगळे बसवायचे तर वेळापत्रकातून काहीतरी काढायला हवे. काय काढायचे ते आम्ही चहाच्या एका कपात ठरवून टाकले. ज्युडोचा क्लास बंद! चार वर्षे ती मनापासून जात होती, नुकताच नवा पट्टाही मिळाला होता. पण परीक्षा एकदाच येते, ज्युडो काय नंतरही करता येईल, वगैरे वगैरे. आपल्या आईवडिलांनी आपल्याला जे ऐकवले तेच आम्ही तिला ऐकवले, फक्त लंडनच्या उच्चारात.

पोरगी रडली नाही. तिने फक्त एक प्रश्न विचारला. आपल्या गावाकडचे कोणी कधी इथे लंडनमध्ये येऊन मॅटवर लढले आहे का?

आता गंमत बघा. आम्ही दोघेही कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचे. चार वर्षे तिथे काढली. ज्या माणसाचे नाव या प्रश्नाला उत्तर म्हणून द्यायचे, त्याचे गाव आमच्या होस्टेलपासून सायकलच्या टप्प्यात होते. सबमिशन, पीएल, व्हायव्हा, कॅम्पस इंटरव्ह्यू या धबडग्यात आम्ही एकदाही तिकडे फिरकलो नाही! नाव माहीत होते, पुतळा माहीत होता, बाकी शून्य. त्या रात्री आम्ही वाचायला बसलो, आणि जे कळले ते आज मंडळींना सांगायचे आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यात, गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत हे शेंडेफळ. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे घरात कुस्ती होती तशी ती अंगणातही होती. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी पोराला तांबड्या मातीची ओळख करून दिली. यात्रेजत्रेतल्या कुस्त्या, जोर-बैठका, पहाटेची मेहनत हे सगळे त्या काळी कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत होते. वेगळे होते ते एवढेच, की पैलवानाचे हे पोर शाळाही सोडत नव्हते.

१९४० ते १९४७ या काळात खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. हे दिवस साधे नव्हते. १९४२ चे चले जाव आंदोलन पेटले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. सातारा जिल्ह्यात भूमिगतांचे प्रतिसरकार उभे राहिले होते. खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, पत्रे पोहोचवणे अशी कामे केली. म्हणजे एका खांद्यावर दप्तर, दुसऱ्या खांद्यावर लंगोट आणि खिशात क्रांतिकारकांचे निरोप! आमच्या शाळेच्या दिवसांत ट्यूशन आणि क्रिकेट एकत्र जमत नाही म्हणून आम्ही रडायचो, ते आठवून जरा ओशाळायला झाले.

शाळेनंतर ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर आणि कुस्ती हे नाते मंडळींना नव्याने सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधले, मल्लांना आश्रय दिला, आणि पेठेपेठेतल्या तालमींत पोरे घुमू लागली. १८८० सालापासून राजाराम कॉलेजही याच शहरात होते. त्यामुळे शिक्षण आणि तालीम या दोन गोष्टी तिथे एकमेकींच्या शेजारी नांदत होत्या. खाशाबांना तिथे बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरायची, आपले अंग वळवायचे आणि त्याला उचलून जमिनीवर टाकायचे. हे वाचल्यावर कन्येने लगेच उभे राहून ज्युडोतली अशीच एक फेक करून दाखवली. बळी अर्थातच बाबा.

कॉलेजातली एक हकीकत सांगतात. वार्षिक क्रीडास्पर्धेत खाशाबांना नाव द्यायचे होते, पण त्यांची लहानखुरी चण बघून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. खाशाबा गुपचूप वसतिगृहावर परतले नाहीत. थेट प्राचार्यांच्या खोलीत गेले. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली, आणि या छोट्या मूर्तीने आपल्यापेक्षा दांडग्या मल्लांना लोळवले. खर्डेकरांनी त्या दिवशी जो विद्यार्थी हेरला, त्याला पुढे अर्ध्यावर सोडले नाही. हे नाव लक्षात ठेवा मंडळी, पुन्हा येणार आहे.

आता आपण येऊ आपल्या लंडनमध्ये. १९४८ चे ऑलिंपिक म्हणजे महायुद्धानंतरचे पहिले, आणि स्वतंत्र भारताचेही पहिलेच. कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांच्या प्रवासखर्चाचा भार उचलला आणि बावीस वर्षांचा हा कॉलेजकुमार इथे दाखल झाला. तेव्हाचे लंडन आजच्यासारखे नव्हते. बॉम्बने पडलेल्या इमारती तशाच होत्या, अन्नधान्य रेशनवर होते. यजमानांकडे पैसा नव्हता, म्हणून खेळाडूंसाठी नवे गाव वसवलेच नाही. पुरुष खेळाडूंची सोय रिचमंड पार्क, अक्सब्रिज, वेस्ट ड्रेटन इथल्या लष्करी तळांवर आणि शाळा-कॉलेजांत केली होती. ही सगळी ठिकाणे आपल्या हाउन्सलोच्या आजूबाजूची! आपण जिथे रविवारी पोरांना हरणे दाखवायला नेतो, त्या रिचमंड पार्कात जगभरचे खेळाडू खाटा टाकून झोपले होते.

कुस्त्या झाल्या अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये. खाशाबांचा गट होता फ्लायवेट, म्हणजे ५२ किलो. आणि इथेच खरी मेख होती. लहानपणापासून ते खेळले मातीवर. मातीत पाय रुततो, अंगाला माती चोळली की पकड बसते, आणि कुस्ती निकाली व्हायची तर समोरच्याचे दोन्ही खांदे टेकले पाहिजेत. मग वेळ किती का लागेना. इथे होती गादी. गादीवर पायाची चाल वेगळी, घड्याळ वेगळे, पंचांचे गुण वेगळे. खाशाबांच्या डोळ्यांपुढे आंतरराष्ट्रीय नियमांची गादी पहिल्यांदाच येत होती, आणि तीही थेट ऑलिंपिकमध्ये! म्हणजे आयुष्यभर मराठीतून शिकलेल्या पोराला एकदम इंग्रजीत तोंडी परीक्षेला उभे करावे तसे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्या परदेशी क्लायंटच्या कॉलवर ते अनुभवलेले आहे.

अमेरिकेचा माजी मल्ल रीस गार्डनर याने तिथे त्यांना नवे तंत्र शिकवले. जे शिकायला वर्षे लागतात ते खाशाबांनी जमेल तेवढे थोड्या दिवसांत उचलले. ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना त्यांनी हरवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांना हार पत्करावी लागली. शेवटी क्रमांक आला सहावा. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या हॉकी संघाने ब्रिटनला हरवून सुवर्णपदक मिळवले, साहजिकच देश त्या आनंदात होता. सहाव्या आलेल्या पैलवानाची आठवण कोण ठेवणार?

आम्हाला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो यानंतरचा भाग. १९४८ ते १९५२ अशी चार वर्षे खाशाबांनी त्या सहाव्या क्रमांकाचा अभ्यास केला. अभ्यास हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. कुठे कमी पडलो, गादीवर काय वेगळे आहे, कोणता डाव चालतो, कोणता फसतो, हे समजून घेत त्यांनी मेहनत दुपटीने वाढवली. वजनगटही बदलला, ५२ वरून ५७ किलोच्या बँटमवेट गटात आले. म्हणजे आता समोर येणारे मल्ल आणखी वजनदार. आपण इंजिनिअर लोक एखादे रिलीज फसले की नेमके काय चुकले ते शोधायला बसतो, तेच हे, फक्त इथे हाताशी ना लॉग होते ना व्हिडिओ. होती ती आठवण आणि घाम.

पण पात्रता वेगळी आणि प्रवासाचे भाडे वेगळे. आधी निवडीतच घोळ झाला. आपल्याला डावलले गेले असे वाटल्यावर खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली, ती जिंकून त्यांनी आपली जागा मिळवली. आता प्रश्न पैशांचा. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते, राजाश्रयाचे दिवस मागे पडले होते. मुंबई सरकारकडे अर्ज झाले, हवी तेवढी मदत वेळेवर मिळेना. गावकऱ्यांनी, कराडच्या दुकानदारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. खाशाबा स्वतः दारोदार फिरले. तरी हिशेब जुळत नव्हता.

आणि इथे खर्डेकर सर पुन्हा येतात. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले.

मंडळी, हे वाक्य वाचून आम्ही दोघे बराच वेळ गप्प बसलो. आमचेही घर गहाण आहे की! हाउन्सलोत ज्याचे घर गहाण नाही असा आपल्यातला माणूस शोधून दाखवा. पंचवीस वर्षांचे मॉर्गेज काढून आपण तीन खोल्या घेतो, चांगली शाळा जवळ आहे म्हणून, पोरांचे भले व्हावे म्हणून. पण एका शिक्षकाने दुसऱ्याच्या पोरासाठी, आणि तेही त्याने कुस्ती खेळावी म्हणून, घर गहाण टाकावे? त्या पोराला पदक मिळेल याची कसलीही हमी नव्हती. मागच्या वेळी तो सहावा आला होता. सर कॉलेजचे प्राचार्य, म्हणजे अभ्यासाचे महत्त्व त्यांना आपण सांगायला नको. अभ्यास आणि खेळ यांत एकाला उचलून दुसऱ्याला टाकावे असे त्यांना वाटले नाही, एवढे खरे.

जुलै १९५२. फिनलंडची राजधानी हेलसिंकी. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. हा इशी मूळचा ज्युडोवाला. युद्धानंतर जपानमध्ये ज्युडोवर बंदी आली तेव्हा तो कुस्तीकडे वळला होता. हे ऐकून आमच्या घरात एकदम कान टवकारले गेले! ही कुस्ती चांगली पंधरा मिनिटे रंगली आणि अखेर इशी जिंकला. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण खाशाबांना जवळजवळ लगेचच सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला बोलावले गेले. पंचांपुढे जाऊन आपली बाजू मांडेल असा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा उतरले आणि हरले.

तेव्हाच्या नियमात एका पराभवाने मल्ल लगेच बाहेर होत नसे. हरण्याचे, आणि नुसत्या निर्णयावर जिंकण्याचेही उणे गुण साठत जात आणि ठराविक आकडा झाला की परतीचा रस्ता. त्या हिशेबात इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! कोल्हापूरचेच केशव माणगावे हेही त्या ऑलिंपिकमध्ये वरच्या वजनगटात लढले आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले. एकाच परिसराच्या मातीतले दोन मल्ल एकाच वेळी जगाच्या पहिल्या काही जणांत होते, ही गोष्ट आम्हाला तरी ठाऊक नव्हती.

दिल्लीत मोठे स्वागत वगैरे झाले नाही. हॉकीचे सुवर्ण याही वेळी होतेच. पण कराड स्टेशनवर खाशाबा उतरले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या सजून उभ्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल! स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत एरवी पाव तासाचा रस्ता, पण मिरवणुकीला सात तास लागले.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि जे इनाम मिळाले ते खर्डेकर सरांना नेऊन दिले. सरांचे घर सोडवले. पदकाइतकीच, किंबहुना कांकणभर जास्तच, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

इथे गोष्ट संपवली असती तर गोड शेवट झाला असता. पण पुढचेही सांगायला हवे. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. पोलिसांच्या कुस्तीस्पर्धा गाजवल्या, तरुण मल्लांना शिकवले. मात्र बढतीसाठी त्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. सुमारे सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले, आणि त्यानंतर पेन्शनसाठीही खेटे घालावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८. हयातीत एकही मोठा राष्ट्रीय क्रीडापुरस्कार त्यांना मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार आला तो २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. अलीकडे महाराष्ट्र शासन १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करते. उशिरा का होईना...

त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडावे लागले, लिअँडर पेसचे टेनिसमधले कांस्य. कुस्तीतले पुढचे पदक २००८ मध्ये सुशील कुमारचे. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले २०२४ मध्ये पॅरिसला, नेमबाज स्वप्निल कुसाळेला. तो कोल्हापूर जिल्ह्यातला! मध्ये गेली बहात्तर वर्षे. या बहात्तर वर्षांत आपल्याकडे गुणी पोरे जन्मलीच नाहीत असे थोडेच आहे? आमच्याच होस्टेलवर कबड्डीत राज्य पातळीवर खेळलेला एक मित्र होता. दुसऱ्या वर्षाला केटी लागली आणि त्याने बूट कायमचे पेटीत ठेवले. आम्हीच त्याला तसे सांगितले होते, मित्र म्हणून, त्याच्या भल्यासाठी.

खाशाबांच्या आयुष्यातून नुसताच खेळ करा, शिक्षण सोडा असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. नुसत्या पदकावर घर चालत नाही हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल? पण खेळाला वेळापत्रकातली सर्वात आधी कापायची ओळ समजणे हेही बरोबर नाही. हरल्यावर चार वर्षे तीच चूक पुन्हा पुन्हा तपासायची, हे त्यांना कोणत्या ट्यूशनने शिकवले? आणि कॉलेजच्या प्राचार्यांच्या दारापर्यंत जाण्याचे धाडस कोणत्या सराव परीक्षेने दिले?

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही तिघे हाउन्सलो सेंट्रलवरून पिकॅडिली लाइनने थेट अर्ल्स कोर्टला गेलो. एम्प्रेस हॉल आता नाही, पाडून बरीच वर्षे झाली. त्या जागेवर एम्प्रेस स्टेट बिल्डिंग नावाची उंच इमारत उभी आहे. खाशाबांचे तिथे काहीही नाही, ना पाटी, ना खूण. कन्येने इमारतीकडे वर मान करून पाहिले, मग फुटपाथवर ज्युडोत करतात तसे वाकून वंदन केले. येणारेजाणारे बघत होते. आम्हीही वाकलो.

ज्युडो परत सुरू झाला आहे. रविवारची सराव परीक्षा आता दर आठवड्याऐवजी महिन्यातून दोनदा. ग्रामर स्कूलचे काय होईल ते होईल. पुढच्या भारतवारीत गोळेश्वरला जायचे ठरले आहे, सायकलवरून नाही तरी रिक्षाने का होईना.

आणि मंडळी, आपल्या मंडळातली कितीतरी मुले पोहतात, पळतात, बॅडमिंटन खेळतात. त्यांच्यासाठी घर गहाण टाका असे आम्ही म्हणत नाही, ते आधीच गहाण आहे! शनिवारची एक सकाळ मात्र आपण नक्की देऊ शकतो.